चिनी सुलेखनाचा संच: कुंचला उत्तम, कागद मात्र वेगळा घ्या

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कलासाहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या या संचात दोन कुंचले, शाईची कांडी, उगाळायचा दगड, वीस कागद आणि गिरवायची पुस्तिका येते. बोरूने देवनागरी गिरवणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. बोरूत जाड-बारीक रेघ टोकाच्या कापामुळे येते. इथे ती दाबावर ठरते. कुंचला उभाच धरायचा. जलरंगाच्या सवयीने तिरपा धरला की टोक रेघेच्या एका कडेने चालतं आणि दुसरी कडा फाटते.

मोठा कुंचला मिश्र केसांचा आहे, आत ताठ केस आणि भोवती शेळीचे मऊ. दाब काढताच टोक जुळतं, त्यामुळे कायशू या सुट्या, ठसठशीत लिपीसाठी तो नेमका आहे. पुस्तिकेतलं वळणही चिनी सुलेखनकार यान झनछिंग (७०९–७८५) यांचं, उभ्या रेघा भरदार आणि आडव्या बारीक. सुरुवात 'योंग' या अक्षराने करा, मूळ आठही फटकारे त्यात येतात. लहान कुंचला निव्वळ शेळीच्या केसांचा. जुन्या झुआनशू लिपीची एकसारखी रेघ त्याने सुरेख येते, पण शिंगशू या धावत्या लिपीच्या वेगात तो वाकला की वाकलेलाच राहतो. नव्या कुंचल्याची खळ साध्या पाण्यात काढा. गरम पाण्याने दांड्यातला सरस सुटतो आणि केस गळतात.

कांडी सहाणेवर चंदन उगाळावं तशी, चमचाभर पाण्यात, भार न देता दहा-पंधरा मिनिटं उगाळायची. जोर लावला की भरड कण सुटतात, काळा रंग करडा पडतो. घरची सहाण वापरू नका, ती फार खरखरीत असते. काम झाल्यावर कांडी लगेच पुसा. ओली राहिली तर दगडाला चिकटते, उन्हात ठेवली तर तडकते. उरलेली शाई टाकून द्या, कारण तिच्यातला सरस कुजतो.

कागदात मात्र फसवणूक वाटते. पाकिटावर 'शुआन' या शाई शोषणाऱ्या चिनी कागदाचं नाव छापलंय, पण हा गुळगुळीत कागद शाई पितच नाही. थेंब वर राहतो आणि वाळल्यावर कडेला काळं वर्तुळ उरतं. अस्सल शुआन आन्हुई प्रांतातल्या जिंगशियान भागात छिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो. त्या हस्तकलेला २००९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. सरावाला कोरा न्यूजप्रिंट यापेक्षा बरा. कोल्हापूरच्या जुलैत कागद दमट होऊन शाई जास्त पसरते, तेव्हा पाणी कमी घ्या आणि धुतलेला कुंचला टोक खाली करून वाऱ्यावर टांगा, नाहीतर बुडाशी बुरशी धरते.