आमच्याच भिंतीचा कागद आम्हालाच विकला

इंग्लंडातल्या लेस्टरमधलं आमचं घर १८९० च्या दशकातलं, लाल विटांचं, एका ओळीत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांपैकी. पुढच्या खोलीत शेकोटीशेजारचं जुनं कपाट काढलं आणि मागे वॉलपेपर निघाला, जसाच्या तसा. हिरवी पानं, फिकट गुलाबी फुलं. बाकी खोलीभर नंतर कुणीतरी वुडचिपचा, म्हणजे लाकडाचे कण घातलेला खरबरीत कागद चिकटवून पांढरा रंग फासला होता. वाईला माझ्या माहेरच्या वाड्यात भिंतीला वर्षाकाठी चुन्याचा हात, एवढंच मला ठाऊक. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी हौसेनं लावलेली ती फुलं बघून मी हरखून गेले. सगळी खोली तशीच करायची ठरवलं.

जाहिरात बघून एका माणसाला बोलावलं. त्यानं आधी घाबरवलं. "हिरव्या रंगात आर्सेनिक हे विष असतं, घरात लहान मूल आहे, हात लावू नका." हे साफ खोटं नव्हतं, म्हणूनच पटलं. १७७५ मध्ये तयार झालेला 'शेलेचा हिरवा' हा रंग आणि त्यानंतरचा एमराल्ड ग्रीन, दोन्हींत आर्सेनिक असे आणि एकोणिसाव्या शतकात वॉलपेपरसाठी ते भरपूर वापरले गेले. पण आमचं घर उभं राहिलं तोवर हे रंग पुष्कळ मागे पडले होते, आणि शंका असलीच तर छोटासा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. हे मला नंतर कळलं.

मास्क लावून, वाफेच्या यंत्रानं त्यानं अख्खा कागद सोडवला आणि "रंग जुळवायला" घेऊन गेला. याच नक्षीचे न वापरलेले जुने रोल बंद पडलेल्या एका दुकानाच्या गोदामात मिळालेत, म्हणाला. एका रोलचे ११० पौंड. आठ रोलचे ८८० पौंड आम्ही बँकेतून आगाऊ पाठवले.

तीन आठवड्यांनी रोल आले, पिवळसर, कोंदट वासाचे. लावायला आम्ही दोघंच बसलो. दुसरी पट्टी चिकटवताना नवरा थांबला. "अगं, हा डाग बघ." मूळ कागदावर डाव्या फुलाखाली खिळ्याचं भोक होतं, त्याभोवती गंजाचा गोल. मी स्वतः त्यावर बोट फिरवलं होतं. आता तोच डाग प्रत्येक डाव्या फुलाखाली होता, आणि बोटाला भोक लागत नव्हतं. ते छापलेलं होतं. आमचाच कागद स्कॅन करून त्यानं आम्हाला विकला होता!

मग बाकीचं दिसायला लागलं. भिंगातून पाहिलं तर रंगांचे बारीक ठिपके. त्या काळी लाकडी ठोकळ्यानं छापा की यंत्राच्या रुळानं, रंग सलग बसायचा. जुना इंग्रजी रोल १२ यार्डांचा, जवळपास ११ मीटर. हे भरले १०.०५ मीटर, आजच्या मापाचे. जुन्या रोलला कडेला कोरी पट्टी असे, कागद लावणारा ती कापून काढी. यांच्या कडा आधीच कापलेल्या. अतिनील टॉर्च मारल्यावर मागची बाजू निळसर पांढरी चमकली. कागद असा चमकवणारी रसायनं साधारण १९५० नंतरची.

त्याचा फोन बंद आहे. क्रेडिट कार्डानं पैसे दिले असते तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडे मागता आले असते. १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूला ते लागू होतं. पैशांचं दुःख आहेच. पण माझा जीव तुटतो तो मूळ कागदासाठी. कुणालाही तो घराबाहेर नेऊ देऊ नका, रंग जुळवायचा तर भिंतीसमोर उभं राहून जुळवा. सोडवण्याआधी फोटो काढा, मापं लिहून ठेवा. माझ्याकडे फोनमध्ये एकच फोटो आहे, तोही तिरका.

इंग्लंडात कुणी तुम्हाला हिरव्या पानांचा, गुलाबी फुलांचा "जुना" कागद दाखवला, तर डाव्या फुलाखाली बघा. गंजाचा गोल असेल तर तो आमच्या भिंतीवरचा आहे.