जुनी व्हॅन: थोडी थोडी सुधारायची की पूर्ण खोलायची?

माझी व्हॅन १९७२ सालची फोक्सवॅगन टाइप २. घरी आणली त्याच आठवड्यात भावाला मागे उभं केलं आणि मी ब्रेक दाबला. "अरे, ब्रेक लाइट कुठंय? इंडिकेटर मिणमिणतोय!" भाऊ ओरडला. पुढचे दोन दिवस मी वायरी चाळत बसलो. एकही वायर तुटलेली सापडली नाही. शेवटी दिव्याचं घर काढलं, तेव्हा ते ज्या पत्र्यावर स्क्रूने बसवलं होतं तो पत्राच मागून गंजून भुगा झालेला दिसला.

जुन्या गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायर जाते, पण परतीचा करंट येतो बॉडीतून. बॉडी हाच 'अर्थ', म्हणजे करंटची परतीची जोडणी. पत्रा खाल्ला गेला की परतीची वाट बंद होते, मग करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो आणि भलताच दिवा लागतो. तेव्हापासून कुणी विचारलं की "आधी गंज काढू की वायरिंग?", तर मी सांगतो, दोन्हींचा निर्णय एकत्र घ्या. वेगवेगळा घेतलात तर एक काम दोनदा करावं लागेल.

तुमच्यासमोर साधारण दोन वाटा आहेत. पहिली, गाडी चालती ठेवून एकेक भाग सुधारत जायचं. दुसरी, इंजिन, काचा, सीट, वायरिंग सगळं उतरवून नुसता सांगाडा उरवायचा आणि तिथून परत उभी करायची. कुठली बरी हे गाडीच्या वयावरून ठरत नाही. गंज नेमका कुठे लागलाय यावरून ठरतं.

ठरवण्याआधी अर्धा दिवस गाडीखाली

एक लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळा आणि बॉडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली झोपा. त्याच्या मुठीने पत्रा ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोक दाबून बघा. रंगाखालून खपल्या निघाल्या, टोक आत घुसलं, तर तो पत्रा गेला. जी गाडी टोक लावल्यावर फाटते, ती रस्त्यावरही फाटणारच होती. त्यामुळे टोचायला कचरू नका.

आता हे भोक कुठे पडलं ते बघा. दाराचा खालचा काठ, मडगार्डची कड, मागच्या झाकणाचा कोपरा इथला गंज दिसायला भयानक असतो, पण त्यावर गाडी उभी नसते. दाराखालून पुढून मागे जाणारी पोकळ पेटी म्हणजे सिल, चॅसीच्या लांब दांड्यांपासून बाजूला निघालेले आडवे हात, जॅक लावायची जागा, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग बसतात तो भाग, सीटबेल्टचे बोल्ट जिथे आहेत तो पत्रा, ही खरी हाडं. टाइप २ मध्ये बॅटरीखालचा पत्राही तपासाच, कारण आम्लाच्या वाफेने तो हमखास खाल्लेला असतो. पुढच्या काचेचं रबर उचलून बघा. तिथून आत गेलेलं पाणी थेट डॅशबोर्डमागच्या वायरींवर गळतं.

माझा निकष असा: हाडं शाबूत असतील तर टप्प्याटप्प्याने काम करा. एकाच बाजूची दोन-तीन हाडं गेली असतील तर गाडी खोला. दाराची चौकट हलायला लागलेली असताना वरवर ठिगळं लावत राहणं धोक्याचं आहे.

गंज: केमिकल, ठिगळ की नवा पत्रा

रस्ट कन्व्हर्टर म्हणून मिळणाऱ्या द्रवात बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. गंजाशी त्याची प्रक्रिया होऊन काळपट, टिकाऊ थर बसतो. वरवरच्या गंजावर हे औषध छान चालतं. तारेच्या ब्रशने सुटी पावडर झाडायची, द्रव लावायचा, वाळला की प्रायमर. पण दोन पत्रे जिथे स्पॉट वेल्डिंगने जोडलेत त्या फटीत ते पोचत नाही, आणि व्हॅनचा बहुतेक गंज त्याच फटीत जन्मतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून असा जोड आतून फुगतो आणि पत्र्याला लाटा येतात. फुगलेल्या जोडावर केमिकल फासून काही साधत नाही. तो जोड उघडावाच लागतो.

फायबर ग्लास आणि पुट्टीने भोक बुजवणं हा पर्याय मी हाडांसाठी विचारातच घेत नाही. मागे ओल अडकते, सडणं चालूच राहतं आणि वरून गुळगुळीत दिसत असल्यामुळे पुढच्या माणसाची फसवणूक होते.

राहिले ठिगळ आणि पूर्ण पॅनल. हाताच्या तळव्याएवढं भोक, सपाट किंवा एकाच दिशेने वळलेला पत्रा आणि भोवती चांगलं लोखंड असेल, तर ठिगळ उत्तम. मात्र गंजाच्या कडेला कापू नका. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे या. ठिगळ पत्र्यावर पत्रा चढवून जोडलं तर काम सोपं होतं, पण त्या दुपदरी जागेत पाणी साठून पुन्हा तेच दुखणं सुरू होतं. दिसणाऱ्या भागात टोकाला टोक भिडवून वेल्डिंग करा. बॉडीचा पत्रा साधारण १ मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. मिग वेल्डिंगला (यात तार मशीनमधून आपोआप पुढे येते) ०.६ मिलिमीटरची तार घ्या, एक टाका मारा, वीतभर लांब दुसरा मारा, हाताला गार लागेपर्यंत थांबा. सलग रेघ ओढलीत की पत्रा तापून वाकतो, आणि आलेला बाक काढायला वेल्डिंगच्या तिप्पट वेळ जातो.

सिलसारखा भाग दुहेरी, तिहेरी पत्र्याचा असतो. तिथे ठिगळावर ठिगळ मारण्यापेक्षा पूर्ण पॅनल घातलेलं बरं. बाहेरचा पत्रा कापल्याशिवाय आतला किती उरलाय ते कळतच नाही. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाके मारून बसवा आणि गाडीचं वजन व्यवस्थित टेकवा. हे चुकलं तर सिल नवं बसेल, पण सरकतं दार पुन्हा कधी मापात लागणार नाही. मी एका बाजूला पाइप न लावता काम केलं होतं, आणि ते दार आजही शेवटच्या दोन बोटांवर खांद्याने ढकलावं लागतं.

पॅनल मिळण्यावरही बरंच अवलंबून आहे. टाइप २ चं ब्राझीलमधलं उत्पादन २०१३ पर्यंत चालू होतं, जगभर चाहते आहेत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पत्रा तयार मिळतो. कमी खपलेल्या व्हॅनला हे सुख नाही, तिथे पत्रा घडवणारा कारागीर शोधावा लागतो. सिट्रोएन एच सारख्या व्हॅनचा पत्रा नालीदार असल्याने ठिगळाच्या नाल्या मूळ नाल्यांशी तंतोतंत जुळाव्या लागतात. साध्या पत्र्याचं ठिगळ तिथे लगेच डोळ्यात खुपतं.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, अल्टरनेटरच्या वायरी काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच घातक, कारण पेट घेते ती वाफ. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासताना चांगला मास्क हवाच.

वायरिंग: सांधायचं की नवं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा)

इथे एक चाचणी पुरते. गंजलेल्या टोकापासून पाच सेंटिमीटर मागे इन्सुलेशन सोला. तांबं लालसर, चमकदार निघालं तर नवा लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा आणि पुढे चला. तिथेही काळं निघालं तर आणखी पाच सेंटिमीटर सोला. तरीही काळंच असेल, तर पाणी तारेच्या पोटातून वर चढलंय. अशी वायर सोल्डर धरत नाही आणि लोड आला की तापते. इंजिनजवळची वायर बोटाने वाकवून बघा. प्लॅस्टिक कडक होऊन तडकत असेल किंवा कापडी वेष्टनाखालचं रबर भुकटी होऊन गळत असेल, तर तिथे टेप गुंडाळून भागत नाही.

दोष एका टोकाला असेल तर दुरुस्ती करा. काळं तांबं तीन-चार ठिकाणी निघालं, आधीच्या मालकांनी मधेच रंगीबेरंगी तुकडे जोडलेले असले, तर नवं हार्नेस टाका. एकेक तुकडा शोधत बसण्यात जितके दिवस जातात तितक्यात पूर्ण हार्नेस बसतं, आणि रात्री गाडी बाहेर काढताना जीव टांगणीला लागत नाही.

नव्या हार्नेसमध्येही दोन प्रकार. एक, मूळ रंगसंगतीचं, त्याच मापाचं. दुसरं, कुठल्याही गाडीला चालेल असं, चपट्या ब्लेड फ्यूजच्या पेटीसकट. दुसऱ्याचा मोह होतो, कारण सर्किट भरपूर आणि प्रत्येकाला वेगळा फ्यूज. पण जुने स्विच, वायपर मोटर, इंडिकेटरचा फ्लॅशर यांची टोकं त्याला जुळत नाहीत, आणि पाच वर्षांनी बिघाड झाला की छापील वायरिंग डायग्रॅमचा काही उपयोग उरत नाही. मी मूळ रंगाचं निवडलं. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थ आणि लाल म्हणजे बॅटरीचा कायम चालू करंट. ब्रिटिश गाड्यांत तपकिरी म्हणजेच कायम चालू करंट आणि अर्थ काळा. एका गाडीची सवय दुसरीवर चालवलीत तर ठिणगी उडेल. शिवाय १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असायचं. तशा गाडीत आजचा रेडिओ तपासल्याशिवाय जोडलात तर जळेल.

मूळ हार्नेसची उणीव एवढीच की फ्यूज मोजके असतात, आणि मुख्य वायरीला बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्यूज नसतोच. त्यावर उपाय: बॅटरीजवळ मुख्य फ्यूज आणि कट-ऑफ स्विच, हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), आणि फ्रिज, चार्जर असल्या नव्या गोष्टींसाठी वेगळी छोटी फ्यूज पेटी. रिलेचा फायदा डोळ्यांना लगेच दिसतो. ५५ वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर ओढतात. तो सगळा करंट जुन्या स्विचमधून फिरून गेला की वाटेत व्होल्टेज गळतं. बल्बला १० टक्के कमी व्होल्टेज मिळालं तरी प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. सहा व्होल्टच्या गाडीत हे आणखी जाचतं, कारण तेवढ्याच वॅटला दुप्पट करंट लागतो आणि त्याच वायरीत चौपट शक्ती वाया जाते. टाइप २ मध्ये १९६७ च्या मॉडेलपासून १२ व्होल्ट आलं. त्याआधीची गाडी घेत असाल तर हा खर्च आधीच धरा.

मग कुठली वाट?

टप्प्याटप्प्याच्या कामात गाडी हातात राहते, पैसे एकदम जात नाहीत आणि मन टिकतं. तोटा असा की डॅशबोर्ड तीनदा उघडावा लागतो, वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून वायरी जपाव्या लागतात आणि पोकळ जागांच्या आत पूर्ण पोचता येत नाही. ही वाट धरलीत तर क्रम असा ठेवा: मुख्य फ्यूज आणि कट-ऑफ पहिल्याच दिवशी, मग हाडं, मग पाणी आत येतं त्या जागा, मग हार्नेस, शेवटी रंग. चमकदार रंगापासून सुरुवात करू नका. तो पुन्हा कापावाच लागतो.

पूर्ण खोललेल्या गाडीत प्रत्येक जोड दिसतो, नव्या सिलमध्ये आतून गंज रोखणारं वॅक्स मारता येतं, हार्नेस मोकळ्या सांगाड्यात बिनधास्त पसरता येतं. पण त्यासाठी कोरडी, बंद जागा हवी, आणि ती दोन-तीन वर्षं अडून राहील हे घरच्यांना आधी सांगायला हवं. खोललेली गाडी जोडण्याआधीच उत्साह संपतो, आणि अशा सुट्या भागांच्या खोक्यांतून विकल्या गेलेल्या व्हॅन मी पाहिल्या आहेत. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, प्रत्येक बोल्टला पिशवी आणि खोलण्याआधी फोटो, एवढी शिस्त जमणार नसेल तर ही वाट धरू नका.

माझ्या गाडीच्या डाव्या बाजूची तीन हाडं गेली होती, म्हणून मी शेवटी खोलली. रंग होऊन, नवं हार्नेस घालून स्विच दाबला, आणि मागचा एकही दिवा लागला नाही. ताज्या रंगाने अर्थच्या सगळ्या जागा झाकून टाकल्या होत्या. प्रत्येक अर्थ बोल्टखालचा रंग नाण्याएवढा खरवडला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. शिवाय मागच्या दिव्यांपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची तपकिरी वायर ओढली. मग दिवे चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक मानतात. आकडा ०.०४ वर थांबला. भावाला पुन्हा मागे उभं केलं आणि ब्रेक दाबला.

"लागला," तो म्हणाला. "दोन्ही."