मॉर्मन मुलांची कॉन्सर्ट आणि डान्स, बेलापूर: सहकुटुंब जाऊन आलो

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल आणि ओळखीतल्या एखाद्या मॉर्मन (हा एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबाने त्यांच्या युथ कॉन्सर्टला आणि डान्सला बोलावलं तर जा, आणि आजी-आजोबांनाही घेऊन जा. आम्ही अख्खं घर गेलो होतो, मी, नवरा, सासूबाई, मोठी मुलगी जी यंदा दहावीला आहे आणि धाकटा जो सातवीत आहे. मोठीच्या क्लासमधल्या मैत्रिणीचं कुटुंब या चर्चमध्ये जातं, तिच्या आईने मला स्वतः फोन केला की ताई, मुलीला एकटीला पाठवू नका, सगळेच या, आजींना पण आणा. मला तिथेच बरं वाटलं कारण या वयाच्या मुलांच्या पार्टीला आईबापांना हल्ली आग्रहाने कोण बोलावतं.

हॉल सीबीडी बेलापूरच्या बाजूला भाड्याने घेतलेला. शनिवार संध्याकाळ, तिकीट वगैरे काही नाही, दारात एक चाळिशीतले गृहस्थ सगळ्यांना हात जोडून आत सोडत होते आणि मधूनच खुर्च्या पण उचलत होते, नंतर कळलं की इथल्या मंडळीचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, प्रमुख तेच. त्यांच्यात गावपातळीवर पगारी पाद्री हा प्रकारच नसतो, आठवडाभर आपापली नोकरी करायची आणि चर्चचं काम फुकट करायचं, आणि ही जबाबदारी काही वर्षांनी दुसऱ्याकडे जाते. हे गृहस्थ ऐरोलीला आयटीमध्ये आहेत म्हणे.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चर्चचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापन केलं, मुख्यालय युटामध्ये सॉल्ट लेक सिटीला. बायबलसोबत बुक ऑफ मॉर्मन हा आणखी एक ग्रंथ मानतात म्हणून लोक मॉर्मन म्हणतात, पण २०१८ ला त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पूर्ण नावच वापरायला सांगितलं, तेव्हा तिथे बोलताना ते लक्षात ठेवा. भारतात यांचा जोर दक्षिणेकडे जास्त, अनेक मंडळ्या मिळून जो मोठा गट होतो त्याला स्टेक म्हणतात, तो देशातला पहिला २०१२ मध्ये हैदराबादला झाला, आणि बंगळुरूला पहिलं टेंपल, म्हणजे त्यांचं खास विधींचं मंदिर, बांधणार हे २०१८ ला जाहीर झालं. हॉलमध्ये पण आमच्या आजूबाजूला तेलुगू बोलणारी बरीच कुटुंबं होती, नोकरीसाठी इकडे येऊन नेरुळ-खारघरला स्थायिक झालेली, आणि त्यांची मुलं मात्र आपल्या मुलांसारखी फाडफाड मुंबईची हिंदी आणि मोडकंतोडकं मराठी बोलत होती.

आता कॉन्सर्ट. सुरुवात प्रार्थनेने, एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने केली, कागदात न बघता, साध्या शब्दांत, जे आलेत त्यांना सुखरूप घरी पोचव असं पण त्यात होतं. सासूबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, झालं. मग गाणी. मला वाटलेलं शाळेच्या गॅदरिंगसारखं असेल, मागे ट्रॅक लावून पुढे ओठ हलवायचे, पण नाही, ही मुलं खरंच गात होती आणि चार वेगवेगळ्या सुरांच्या ओळी एकत्र गात होती, मुली वरच्या पट्टीत, मुलगे खाली, कीबोर्डवर एक नववीतली मुलगी. एकही मूल भरकटलं नाही. मी स्वतः लहानपणी पाच वर्षं पेटी शिकलेय, त्यामुळे मला कळतं की दुसरा शेजारी वेगळं गात असताना आपला सूर धरून ठेवणं किती अवघड आहे.

हे कसं जमतं ते मैत्रिणीच्या आईला मध्यंतरात विचारलं. त्या म्हणाल्या आमच्याकडे दर रविवारी सगळे मिळून स्तोत्रं म्हणतात, म्हातारी माणसं, पोरंटोरं सगळे, त्यामुळे कानाला सवय होते. चर्च स्थापन झालं त्याच वर्षी जोसेफ स्मिथच्या बायकोला, एमाला, स्तोत्रं निवडून गोळा करायचं काम दिलं होतं म्हणे आणि १८३५ च्या सुमारास त्यांचं पहिलं स्तोत्रांचं पुस्तक आलं. सॉल्ट लेक सिटीचा टॅबरनॅकल क्वायर हा गायकवृंद तर जगभर प्रसिद्ध आहे, साडेतीनशेच्या वर गाणारे आणि कुणालाच पगार नाही. तर गाणं त्यांच्याकडे हौसेचा क्लास नाही, ते रोजच्या श्रद्धेचाच भाग आहे आणि ते मुलांच्या गळ्यात ऐकू येतं.

मधे एका मुलाने बासरी वाजवली, दोन बहिणींनी तेलुगू गाणं म्हटलं, आणि शेवटी एक मराठी गाणं झालं ज्याला सगळ्यात जास्त टाळ्या. माझी मनापासून इच्छा आहे की मराठी अजून असावं. मराठी ख्रिस्ती भजनांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, पेटी, टाळ, अभंगाच्या चालीवरची ती भजनं चार सुरांत कशी लागतील हे ऐकायला मी परत जाईन. सासूबाईंना इंग्रजी निवेदन कळत नव्हतं तर पुढच्या रांगेतली एक मुलगी मागे वळून बसली आणि प्रत्येक गाण्याआधी त्यांना सांगायला लागली की आजी आता हे येतंय. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

साउंड मात्र वाईट. हॉलवाल्यांनी दिलेला सिस्टीम होता, माइक शिट्ट्या मारत होता, मागच्या चार रांगांना अर्धे शब्द ऐकू येत नव्हते, आणि एसी एवढा जोरात की सासूबाईंनी शाल गुंडाळली ती शेवटपर्यंत. पार्किंगचं तर विचारूच नका, आम्ही दोन गल्ल्या सोडून गाडी लावली. ट्रेनने बेलापूर स्टेशनला उतरून रिक्षा केली असती तर लवकर पोचलो असतो.

मध्यंतरात खाणं, सगळं घरून करून आणलेलं, इडली, व्हेज पफ, समोसे, चॉकलेट केक, लिंबू सरबत. चहा नाही. नवऱ्याने दोनदा टेबलाभोवती चक्कर मारली, मग मी विचारलं. १८३३ सालापासून त्यांच्यात आरोग्याचा एक नियम आहे, वर्ड ऑफ विज्डम, त्यात दारू, तंबाखू, चहा, कॉफी चारही बंद. कोको चालतो. मुलांच्या कार्यक्रमाला कडक नियम लावायचा म्हणून हे केलेलं नव्हतं, त्यांच्या कुणाच्या घरीच चहाचं आधण चढत नाही. आमच्या घरात चहाशिवाय संध्याकाळ होत नाही तरी मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट मुलांसमोर मोठी माणसं जे सांगतात तेच स्वतः पाळतात हे बघून आदर वाटला. चहा लागत असेल तर घरून पिऊन निघा एवढंच.

आणि मग डान्स. मुलांनी दहा मिनिटांत खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या. अमेरिकेत यांच्या चर्चच्या इमारतीत प्रार्थनेच्या जागेला लागूनच बऱ्याचदा बास्केटबॉलचं कोर्ट आणि स्टेज असलेला मोठा हॉल असतो, तिथेच नाच, नाटक, लग्नाची जेवणं, सगळं. चर्च आणि नाच हे आपल्या डोक्यात एकत्र बसत नाही, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चना पण ते मान्य नव्हतं, नाच म्हणजे पाप असं सांगायचे. हे लोक मात्र तेव्हाही नाचायचे. त्यांना इलिनॉयमधून हाकलून लावलं, १८४६-४७ ला बैलगाड्यांनी हजाराहून जास्त मैल पश्चिमेकडे निघाले, वाटेत माणसं मेली, आणि तरी संध्याकाळी तळ पडला की बँड वाजायचा आणि लोक नाचायचे, त्यांचा पुढारी ब्रिगहम यंग स्वतः नाचायचा. हे मला माहीत झाल्यावर समोरच्या नाचाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

ज्या वर्षी मूल चौदाचं होतं त्या वर्षाच्या जानेवारीपासूनच डान्सला प्रवेश, हा सगळीकडचाच नियम आहे त्यांचा. धाकटा जाम फुगला. पण तिथल्या एका दादाने त्याला आणि अजून तीन-चार बारक्यांना बाहेरच्या पॅसेजमध्ये कॅरमवर बसवलं. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी हे आधीच मुलांना सांगून ठेवा म्हणजे तिथे रडारड नको.

दिवे मंद केले पण अंधार नाही, कोण कुठे आहे हे दिसत होतं. कडेला आईबाप आणि चर्चची मोठी माणसं उभी, कुणी पहारा देतंय असं नाही, काही काकू तर सरळ आत शिरून नाचल्या. कपड्यांचं आधीच सांगितलं होतं की साधे, अंगभर, नीटनेटके, मोठीने कुर्ता-लेगिंग घातलं आणि ती अजिबात वेगळी दिसली नाही. गाणी अशी निवडलेली की आजीसमोर लाज वाटणार नाही आणि तरी पाय थांबणार नाहीत, हिंदी, पंजाबी, इंग्रजी, आणि एक कोळीगीत लागलं तेव्हा तर सगळा हॉल, तेलुगू मुलं सुद्धा, वल्ही मारायला लागला. एक-दोन संथ गाणी होती, जोडीने नाचायची, हातभर अंतर ठेवून, एक गाणं संपलं की थँक्यू म्हणून दुसऱ्याबरोबर.

आता माझ्या मोठीबद्दल सांगते कारण हा रिव्ह्यू मी खरं तर त्यासाठी लिहायला घेतला. ती बुजरी आहे. आमच्या सोसायटीच्या नवरात्रात ती दरवर्षी खुर्चीवर बसून मोबाइल बघते, आणि मी तिला दोष देत नाही कारण तिथे ठरलेल्या दहा मुलींचाच ग्रुप असतो, मधे कुणी शिरलं तर बाजूला सरकतात, वर पार्किंगमध्ये पिऊन आलेले काका लोक घुसतात ते वेगळंच. इथे पण ती पहिल्या दोन गाण्यांना भिंतीला टेकून उभी होती. मी बघत होते. तिसऱ्या गाण्याला एक मुलगी आली, मग तिच्याबरोबर एक मुलगा आला, दोघांनी नुसतं विचारलं येतेस का, आणि ओढाताण नाही, चिडवणं नाही, तिच्यासाठी गोलात जागा केली. मी नंतर मैत्रिणीच्या आईला विचारलं तर म्हणाली की मुलांना आधीपासून सांगितलेलं असतं, कुणी एकटं दिसलं तर आपण जायचं, भिंतीला कुणी उभं राहता कामा नये. म्हणजे बघा, डान्स म्हणजे ज्यांना नाचता येतं त्यांनी दाखवायचं असं नाहीच, जो कडेला आहे त्याला आत घ्यायचं हे तिथल्या मुलांचं काम आहे, आणि ती ते काम कर्तव्यासारखं तोंड करून करत नव्हती. माझी पोर त्यानंतर शेवटपर्यंत बसली नाही. घामाघूम झालेली, केस सुटलेले, मधे एकदा माझ्याकडे बघून हसली. ते वातावरण कसं तयार केलं हे आपल्या प्रत्येक सोसायटीच्या कमिटीने जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं.

आता जो प्रश्न सगळे विचारतात, माझ्या जावेने पण फोनवर पहिला तोच विचारला, धर्मात ओढतात का. स्पष्ट सांगते. हे चर्च धर्मप्रसार करणारं आहे, लपवत नाहीत, त्यांचे तरुण मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष मिशनवर जातात, बहुतेकदा स्वतःच्या आणि घरच्यांच्या पैशाने. दारात काळ्या बिल्ल्याचे असे दोन तरुण मिशनरी होते, त्यांनी विचारलं की रविवारी सभेला यायला आवडेल का, नवरा म्हणाला नाही, आमचा विठोबा आहे, ते हसून बरं म्हणाले आणि त्याच्या कामाबद्दल बोलत बसले. नंबर मागितला नाही, कागद हातात कोंबला नाही. प्रार्थना सुरुवातीला आणि शेवटी होते, येशूच्या नावाने होते, ते ज्यांना चालत नाही त्यांनी जाऊ नये आणि ज्यांना चालतं त्यांनी मुलांना आधी सांगून ठेवावं की आपण पाहुणे आहोत, आदराने उभं राहायचं. माझ्या मते श्रद्धा पक्की असलेल्या घराला दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती नसावी.

दहाच्या आत सगळं बंद. लाउडस्पीकरचा कायदा आहेच, पण त्यांच्यासाठी रविवार हा देवाचा दिवस, शनिवारचा नाच त्यात जाता कामा नये. शेवटची प्रार्थना झाली आणि मुलांनी झाडू हातात घेतले, आमची मोठी पण घेऊन आली एक.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा हॉलच्या साउंडचा आणि एसीचा कापला. जाणार असाल तर किती जण येणार ते बोलावणाऱ्यांना आधी कळवा कारण खाणं घरातून मोजून करतात, जेवण म्हणून धरू नका नाश्ताच आहे, म्हाताऱ्या माणसांसाठी शाल घ्या आणि पुढच्या रांगा पकडा. आणि मुलांना डान्सला सोडून मॉलमध्ये फिरायला जायचा विचार करू नका, थांबा तिथेच, तुम्हालाही कुणीतरी गोलात ओढेल, सासूबाईंना ओढलंच, कोळीगीताला.