कमी आउटपुटचा पिकअप घ्यावा की जास्त आउटपुटचा?

मध्यम किमतीच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये काही बदलायचे ठरवले की बहुतेक वादक आधी पिकअपकडे, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाकडे, वळतात, आणि वळताच त्यांच्यासमोर येतो तो किलोओममध्ये दिलेला एक आकडा. एका पिकअपसमोर ८ लिहिलेले असते, दुसऱ्यासमोर १६; किमतीत फारसा फरक नसतो, आणि मग मोठ्या आकड्याचा पिकअप अर्थातच अधिक चांगला असे गृहीत धरून निर्णय होऊन जातो. तो चुकतोच असे नाही, परंतु ज्या कारणाने तो घेतला जातो ते कारण मात्र बहुधा चुकीचे असते. दोन हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप, असलेल्या गिटारच्या ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, कोणता पिकअप बसवावा, एवढ्याच प्रश्नापुरती ही तुलना आहे. कमी आउटपुटच्या बाजूने सेमूर डंकनचा ‘५९’ आणि जास्त आउटपुटच्या बाजूने त्यांचाच ‘जेबी’ व डिमार्झिओचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ हे नमुने डोळ्यांसमोर ठेवले, तर पुढचे विवेचन समजायला सोपे जाईल.

पिकअपमध्ये एक चुंबक असतो आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल, असतात. गिटारची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो आणि वेढ्यांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. वेढे वाढवले की हा दाब वाढतो, इथपर्यंत सारे सरळ आहे. मात्र वेढे दुप्पट केल्यावर दाब दुप्पट होत असताना कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला होणारा तिचा विरोध, जवळपास चौपट होतो, आणि हाच इंडक्टन्स केबलच्या कपॅसिटन्सशी, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेशी, मिळून ध्वनीतील एक उंचवटा ठरवतो, ज्याच्या वरच्या कंप्रता झपाट्याने कापल्या जातात. जुन्या धाटणीच्या हंबकरचा इंडक्टन्स साधारण साडेचार हेन्री असतो आणि जेबीसारख्या पिकअपचा आठ हेन्रीच्या आसपास. पाच मीटरच्या नेहमीच्या केबलचा कपॅसिटन्स सुमारे ५०० पिकोफॅरड धरला, तर पहिल्याचा उंचवटा साधारण ३३०० हर्ट्झवर येतो आणि दुसऱ्याचा २५०० हर्ट्झवर. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. कानाला मात्र तो लगेच कळतो, कारण तारेवर पिक घासल्याची खरखर आणि कॉर्डमधील प्रत्येक स्वराची वेगळी कडा नेमकी याच पट्ट्यात असते.

किलोओमचा आकडा यातले काहीच थेट सांगत नाही. तो केवळ तांब्याच्या तारेचा रोध असतो, आणि तार बारीक केली की वेढे न वाढवताही तो वाढतो. ४२ गेजची (गेज म्हणजे जाडीचे माप) तार जुन्या हंबकरमध्ये वापरली जात असे. ४३ किंवा ४४ गेजची तार तिच्याहून बारीक असते. त्यामुळेच जेबीचा रोध १६.४ किलोओम आणि सुपर डिस्टॉर्शनचा सुमारे १३.७ किलोओम असूनही, जोराच्या बाबतीत सुपर डिस्टॉर्शन जेबीपेक्षा उणा नाही. त्याच्यात अधिक जोराचा सिरॅमिक चुंबक आहे, जेबीमध्ये अल्निको ५ या मिश्रधातूचा. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांना ८ किलोओम दाखवणारा पिकअप नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांना, ८.८ किलोओम दाखवेल. आउटपुट तेवढ्याने वाढले, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. तुलना करायचीच असेल तर एकाच कंपनीच्या, एकाच गेजच्या तारेच्या दोन पिकअपांची करावी, अन्यथा हा आकडा बाजूला ठेवलेला बरा.

मग जास्त आउटपुटचे पिकअप आले कशासाठी? सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी घडवलेला हंबकर १९५७ पासून लेस पॉल गिटारवर दिसू लागला. पेटंटचा अर्ज केल्याची चिठ्ठी त्याच्या तळाशी चिकटवलेली असे, म्हणून त्याला पुढे ‘पीएएफ’ (पेटंट अप्लाइड फॉर) म्हणू लागले. त्याचा रोध साधारण सात ते नऊ किलोओम असे, आणि त्या काळच्या ॲम्पवर तो बराच स्वच्छ वाजे. ॲम्पचा आवाज कानठळ्या बसण्याइतका वाढवल्याखेरीज व्हॉल्व्हचा आवाज फाटत नसे, कारण बहुतेक ॲम्पना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे फाटणे कायम ठेवून आवाज कमी करणारा नॉब, नव्हताच. १९७२ साली लॅरी डिमार्झिओ यांचा सुपर डिस्टॉर्शन बाजारात आला तो ही अडचण सोडवायला: ॲम्पच्या पहिल्या टप्प्यालाच इतका जोरदार संकेत द्यायचा की डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचे फाटणे, लवकर सुरू व्हावे. त्या काळी हा खरोखरच उपाय होता. आज मात्र साध्या मल्टि-इफेक्ट पेडलमध्येही गेन, म्हणजे आवाज फाटण्याइतकी संकेतवाढ, हवा तेवढा मिळतो, त्यामुळे ‘मी मेटल वाजवतो, म्हणून जास्त आउटपुट हवे’ या युक्तिवादाचा मूळ पायाच उरलेला नाही. एडी व्हॅन हेलन यांच्या सुप्रसिद्ध घरगुती गिटारमध्ये गिब्सन ईएस-३३५ मधून काढलेला, मेणात बुडवलेला पीएएफ होता, ही गोष्ट या संदर्भात आठवावी.

याचा अर्थ जास्त आउटपुटला आता काहीच कारण नाही, असा मात्र नाही. अशा पिकअपचा मध्य पट्टा भरीव असतो, वरची धार बोथट असते, आणि तो ॲम्पला सतत थोडा दाबून ठेवत असल्यामुळे हलक्या व जोरकस आघातांतला फरक कमी होतो. डाव्या हाताने स्वर जोडत जलद ताना घेणाऱ्याला, किंवा पिंच हार्मोनिक, म्हणजे पिकसोबत अंगठा टेकवून काढलेला किंचाळता स्वर, हमखास निघावा असे वाटणाऱ्याला, हा दाब आधारासारखा वाटतो. ज्याला व्हॉल्यूम नॉब दहावरून पाचवर आणून त्याच चॅनलवर स्वच्छ कॉर्ड वाजवायचे आहेत, त्याला मात्र तोच दाब जाचतो. कमी आउटपुटचा पिकअप या बाबतीत बराच आज्ञाधारक असतो. भरपूर गेनवर सातवा किंवा नववा स्वर घातलेला कॉर्ड वाजवून पाहावा: कमी आउटपुटवर त्यातील स्वर बऱ्याच अंशी वेगळे ऐकू येतात, जास्त आउटपुटवर त्यांचा काला होतो. कार्यक्रमात जुन्या चित्रपटगीतांपासून रॉकपर्यंत सारे एकाच गिटारवर वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रातील वादकाला म्हणूनच माझा कल कमी आउटपुटकडे सांगावासा वाटतो.

घरी वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बहुतेकांचा ॲम्प म्हणजे संगणक, ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन. जास्त आउटपुटचा पिकअप जोरात छेडला की काही इंटरफेसच्या इनपुटवर, गेन शून्यावर असतानाही, लाल दिवा लागतो, आणि तिथे फाटलेला डिजिटल आवाज व्हॉल्व्हसारखा गोड फाटत नाही. उलट बाजूही सांगायला हवी: कमी आउटपुटच्या संकेतामागे बूस्ट, म्हणजे संकेत वाढवणारा पेडल, लावला की केबल आणि पेडल यांचा सूं-सूं आवाजही त्याच्याबरोबर वाढतो. शिवाय जुन्या पिकअपच्या काही तंतोतंत प्रतिकृती मेणात बुडवलेल्या नसतात, त्यामुळे त्यांचे वेढे जोराच्या आवाजाने थरथरतात; अशा पिकअपसह मोठ्या आवाजात उभे राहिले की शिट्टी वाजणारच.

कॉइल स्प्लिट करायचा, म्हणजे हंबकरच्या दोनपैकी एकच कॉइल वाजवायचा, विचार असेल तर पारडे अनपेक्षितपणे जास्त आउटपुटकडे झुकते. आठ किलोओमच्या हंबकरची एकच कॉइल वापरली तर उरतो तो चार किलोओमचा, बारीक आणि अशक्त आवाज. सोळा किलोओमच्या पिकअपची एकच कॉइल मात्र सिंगल कॉइल म्हणून ताठ उभी राहते. फक्त पिकअपला चार वेगळ्या वायर आहेत ना, हे घेण्यापूर्वी पाहावे, कारण जुन्या पद्धतीच्या जाळीदार वायरवर हे करता येत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपचे गणित वेगळेच असल्यामुळे ते येथे घेतलेले नाहीत.

दोन्ही जागी एकाच जातीचे पिकअप बसवण्याचेही बंधन नाही. ब्रिजपाशी तारेचे कंपन लहान असते, म्हणून तिथला पिकअप थोडा जोरकस असणे स्वाभाविक आहे. ब्रिजला जेबी आणि नेकला, म्हणजे गिटारच्या मानेकडच्या जागी, सौम्य ‘जॅझ’ ही सेमूर डंकनची जोडी वर्षानुवर्षे विकली जाते ती याचमुळे. द्विधा मनःस्थितीतल्या वाचकाने ही जोडी जरूर विचारात घ्यावी. परंतु ब्रिजचाच निर्णय करायचा असेल तर मी कमी आउटपुट निवडेन, कारण दोन पिकअपांतला जोराचा फरक दुपटीहून कमीच असतो आणि कुठलाही बूस्ट पेडल तो सहज भरून काढतो. कॉइलमध्येच बोथट झालेली धार मात्र ट्रेबलचा नॉब फिरवून जशीच्या तशी परत येत नाही.

पैसे खर्च करण्यापूर्वी हे घरच्या घरी तपासता येते. सध्या गिटारमध्ये जुन्या धाटणीचा हंबकर असेल, तर पाचऐवजी दहा मीटरची केबल लावावी. कपॅसिटन्स दुप्पट झाल्यामुळे आवाजातला उंचवटा २४०० हर्ट्झच्या जवळ येतो. पुढे बूस्ट लावला की जास्त आउटपुटच्या पिकअपचा ओबडधोबड नमुना कानावर पडतो. तो आवडला तर जेबी घ्यावा. गिटारमध्ये आधीच जास्त आउटपुटचा पिकअप असेल, तर बाजूचे दोन स्क्रू फिरवून तो तारांपासून एक-दोन मिलिमीटर खाली न्यावा आणि केबल तीन मीटरची करावी. जोर कमी होऊन वाजवणे सुखाचे झाले, पण आवाज अजूनही झाकल्यासारखा वाटत राहिला, तर पिकअप बदलण्याची वेळ झालेली आहे.