राखेच्या विटा : कुंपणभिंतीसाठी घेतलेला माल

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीची कुंपणभिंत यंदा नव्याने बांधताना लाल विटांऐवजी औष्णिक वीजकेंद्रातील राखेच्या विटा वापरल्या. कोळशाच्या धुरातून पकडलेली ही बारीक राख एकटी घट्ट होत नाही. मात्र चुना किंवा सिमेंट आणि पाणी मिळाले, की तिच्यातील सिलिका व ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावून टणक होतात, त्यामुळे विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत आणि शेतातली सुपीक मातीही वाचते.

आकार एकसारखा, कडा सरळ आणि दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर आवाज खणखणीत. साहजिकच गिलाव्याचा थर पातळ बसला आणि सिमेंट वाचले, हे आमच्या गवंड्याने मान्य केले. तो सहसा काही मान्य करत नाही.

तक्रार दुसऱ्या खेपेची आहे. त्या विटांवर पुरेसे दिवस पाणी मारलेले नव्हते; नखाने खरवडले तरी कोपऱ्यांची भुकटी होत होती. विक्रेत्याने बरीच हुज्जत घातल्यावर माल बदलून दिला, उतराईची मजुरी मात्र आमच्याच माथी मारली. भारतीय मानक १२८९४ या विटांसाठीच आहे, तेव्हा त्यानुसार केलेल्या चाचणीचा अहवाल आधी मागावा आणि तो देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून, दर कितीही कमी असला तरी, माल उचलू नये.