रट्टा की समज?

"दोन रट्टे दिल्याशिवाय पोरगं वळणावर येत नाही," असं खानापूर-निपाणीकडे आजही ऐकू येतं. रट्ट्याने पोर लगेच गप्प होतं, पण भीतीने. २०१६ साली सुमारे १,६०,००० मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मार खाणाऱ्यांत आक्रमकपणा जास्त दिसला. प्रत्येकजण पुढे हात उगारतोच असं नाही. पण राग आला की मारायचं, हे घरात शिकलेलं विशीतल्या भांडणात बाहेर येऊ शकतं.

समज देणं वेळखाऊ. चेंडूने काच फुटली? काकूंकडे जाऊन माफी मागायची, खाऊच्या पैशातून भरपाई द्यायची. शेतातून दमून आलेल्या बापाला हे जड जातं, मान्य. शाळेतल्या माराला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहेच. घरातही मी समजच निवडेन.