शस्त्रक्रियेनंतरचं कॅल्शियम: कार्बोनेट की सायट्रेट?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुठली प्रोटीन पावडर घ्यावी यावर लोक तासन्‌तास बोलतात. कॅल्शियमची मात्र डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ असते, आणि दुकानात जी गोळी हाताला लागेल ती घेतली जाते. पावडर पचली नाही तर आठवड्यात कळतं, बदलता येते. कॅल्शियमचं गणित चुकलं तर हाडं बराच काळ काही बोलत नाहीत. म्हणून हा प्रश्न पहिल्या महिन्यातच सोडवलेला बरा.

कार्बोनेट आणि सायट्रेट हे गोळ्यांतल्या कॅल्शियमचे दोन क्षार. दोन्हींना सारख्या लागू पडणाऱ्या गोष्टी आधी उरकतो. स्लीव्ह (जठर कापून अरुंद नळीसारखं करणं) किंवा बायपास (जठराचा छोटा पाउच करून तो थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडणं) झालेल्यांना आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं, ड्युओडेनल स्विच (स्लीव्हसोबत आतड्याचा बराच भाग वगळणं) झालेल्यांना १८०० ते २४०० मिग्रॅ. एका वेळी ५०० ते ६०० मिग्रॅच्या वर घेऊन फायदा नाही, त्यापुढचं शोषण झपाट्याने घटतं. त्यामुळे दिवसाचे दोन-तीन डोस करावेच लागतात. आणि ड जीवनसत्त्वाची पातळी ३० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर क्षार कुठला, हा वाद तूर्त बाजूला ठेवून आधी ती वर आणायची.

कागदावर कार्बोनेट सरस दिसतं. त्याच्या वजनात ४० टक्के प्रत्यक्ष कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये सुमारे २१ टक्के. म्हणजे ५०० मिग्रॅ कॅल्शियमसाठी कार्बोनेट १२५० मिग्रॅ पुरतं, एक गोळी की एक डोस झाला. तेवढ्याचसाठी सायट्रेट जवळपास २४०० मिग्रॅ लागतं, म्हणजे दोन जाडजूड गोळ्या. दिवसाला तीनऐवजी सहा. शिवाय कार्बोनेट स्वस्त, आणि कुठेही मिळतं.

लेबल वाचताना इथेच घोटाळा होतो. काही डब्यांवर मोठ्या अक्षरात क्षाराचं वजन असतं, काहींवर प्रत्यक्ष कॅल्शियमचं. ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ’ लिहिलेल्या गोळीत कॅल्शियम असतं साधारण २१० मिग्रॅ. अशा दोन गोळ्या घेऊन दिवसाचा कोटा झाला असं समजणारा माणूस प्रत्यक्षात त्याच्या एक तृतीयांशावर असतो. दुसरा घोटाळा ‘एका वेळच्या मात्रे’चा. मागच्या बाजूचा आकडा कधी एका गोळीचा असतो, कधी दोन गोळ्यांचा. मात्रा म्हणजे किती गोळ्या, ते आधी पाहायचं आणि मग प्रत्यक्ष कॅल्शियमचा आकडा शोधायचा. तो सापडलाच नाही तर डबा परत ठेवायचा.

आता आम्लाचा मुद्दा. कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांश किंवा जास्त भाग काढला जातो, आणि आम्ल तयार करणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबर जातो. बायपासमध्ये अन्न ज्या छोट्या पाउचमध्ये उतरतं तिथे आम्ल नावापुरतं असतं, वर लहान आतड्याचा पहिला भाग, जिथे कॅल्शियम सर्वांत जोमाने शोषलं जातं, वाटेतून वगळलेला. त्यात पहिले काही महिने बहुतेकांना आम्ल दाबणारी गोळी चालू असते. सायट्रेटला आम्लाची गरज नाही, ते रिकाम्या पोटीही चालतं.

पण ‘कार्बोनेट लागूच पडत नाही’ असं जे सर्रास सांगितलं जातं ते जरा ताणलेलं आहे. ज्यांच्या जठरात आम्लच तयार होत नाही अशा लोकांवर १९८५ मध्ये काम झालं होतं. रिकाम्या पोटी कार्बोनेटचं शोषण अगदीच कमी निघालं, जेवणाबरोबर दिल्यावर मात्र ठीकठाक झालं. तेव्हा अन्नाबरोबर घेतलेलं कार्बोनेट वाया जात नाही. एवढंच, की ती जेवणं अख्ख्या जठरातली होती आणि आपली चार-सहा चमच्यांची असतात. बायपास झालेल्यांमध्ये दोन्ही क्षार समोरासमोर तपासले गेले तेव्हा सायट्रेटचं पारडं जड निघालं. अभ्यास लहान होता, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही.

माझा कौल सायट्रेटला आहे, पण तो शोषणाच्या टक्क्यांवर ठरलाही नाही. तो ठरला ‘अन्नाबरोबर’ या एका शब्दावर.

शस्त्रक्रियेनंतर जेवणाची वेळ ही सगळ्यांत चणचणीची जागा असते. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. आधी प्रोटीन, मग भाजी, उरलीच जागा तर बाकीचं. त्यात कार्बोनेटची चघळायची गोळी घातली की ती तोंडात खडूच्या भुकटीसारखी होऊन दातांना चिकटते, आणि ती खाली उतरवायला पाणी तर घ्यायचं नसतं. पुढच्या घासाची चव गेलेली असते. पूर्ण गोळी गिळायची म्हटलं तरी पाण्याचा घोट लागतोच. मग लोक गोळी अर्ध्या तासाने, पाण्याबरोबर घेतात. म्हणजे कार्बोनेटला ज्या अन्नाचा आधार हवा तो निसटलेला. कागदावर ‘जेवणाबरोबर’, प्रत्यक्षात ‘जेवणानंतर कधीतरी’.

दुसरी अडचण लोहाची. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोहाचं शोषण मार खातं, म्हणून दोघांत किमान दोन तास ठेवायला सांगतात. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि स्लीव्ह किंवा बायपास झालेल्या बहुतेकांना दिवसाला ४५ ते ६० मिग्रॅ लोहाची शिफारस आहे. ज्या पुरुषांना पूर्वी रक्तक्षय झालेला नाही त्यांना १८ मिग्रॅवर भागू शकतं. हे लोह बहुधा मल्टीव्हिटॅमिनमध्येच असतं, आणि मल्टीव्हिटॅमिन रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतं. तेव्हा त्यालाही अन्न हवं. कार्बोनेटलाही अन्न हवं. जेवणं तीन, उमेदवार चार, आणि दोघे एकमेकांजवळ बसायला तयार नाहीत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिला कॅल्शियमपासून चार तास दूर ठेवायचं, ते आणखी वेगळं.

कार्बोनेटवर दिवस असा दिसतो: आठला नाश्ता आणि कॅल्शियम, एकला जेवण आणि कॅल्शियम, आठला जेवण आणि कॅल्शियम. मल्टीव्हिटॅमिन मधे कुठेतरी, साडेदहाला किंवा साडेचारला, थोडं काही खाऊन. ते ‘थोडं काही’ रोज जमत नाही आणि सर्वांत आधी मल्टीव्हिटॅमिनच सुटतं. सायट्रेटवर: आठला नाश्ता आणि मल्टीव्हिटॅमिन, अकराला कॅल्शियम, साडेचारला कॅल्शियम, झोपताना कॅल्शियम. तिन्ही डोस पाण्याबरोबर, दोन जेवणांच्या मधल्या मोकळ्या वेळात, जेव्हा तसंही घोटघोट पाणी पीत राहायचंच असतं. या रचनेत डोस चुकणं जवळजवळ थांबतं. मी मोजमाप केलेलं नाही. पण महिनाअखेरीला डब्यात उरणाऱ्या गोळ्या बरंच सांगून जातात.

गॅसबद्दल थोडक्यात: कार्बोनेट आम्लात विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. मोठ्या पोटाला तो जाणवत नाही, स्लीव्हला जाणवतो. ढेकर, दडपण, कधी छातीत जळजळ. बद्धकोष्ठही कार्बोनेटने जास्त होतं, आणि लोहामुळे ते आधीच असतं. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही.

सायट्रेटच्या खोडीही सांगायला हव्यात. मुख्य खोड आकाराची. पहिल्या काही आठवड्यांत ती गोळी अख्खी गिळायचा प्रयत्न करूच नये. अडकली तर छातीत दुखतं, तोंडाला फेस येतो, उलटी होते. त्या काळात चघळायची गोळी, पूड किंवा द्रवरूप घ्यावं. साधी गोळी कुटता येते, चव आंबट-कडवट लागते. हळूहळू विरघळणारी म्हणून विकली जाणारी गोळी मात्र कुटायची नाही. पूड ६० ते ९० मिली पाण्यात ढवळली तरी पूर्ण विरघळत नाही, तळाशी बसते. शेवटचा घोट ग्लास हलवून घेतला नाही तर बराचसा डोस ग्लासातच राहतो. टॉफीसारखं मऊ कॅल्शियम चवीला छान, पण त्यात साखर असते, आणि बायपासवाल्यांना साखरेने डंपिंग (साखर झपाट्याने आतड्यात उतरून होणारी धडधड, चक्कर, जुलाब) होऊ शकतं. ‘शुगर फ्री’ वाचून हुरळून जाऊ नये. सॉर्बिटॉलसारखे पदार्थ असले तर पोटात गुडगुड आणि जुलाब. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचं प्रकरण गमतीचं आहे. त्यांतल्या अनेकांत कार्बोनेटच असतं, सोबतच्या सायट्रिक आम्लाशी ग्लासातच त्याची प्रक्रिया होऊन सायट्रेट तयार होतं. फेस पूर्ण बसेपर्यंत थांबून प्यायलं तर चालतं. फक्त सोडियम किती आहे ते पाहावं, रक्तदाब असेल तर नक्कीच.

मुतखड्याचा मुद्दा बायपासवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावा. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम पकडून ठेवते, त्यामुळे खडा बनवणारं अन्नातलं ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात आणि पुढे लघवीत जातं. सायट्रेटमुळे लघवीतलं सायट्रेट वाढतं आणि ते खडा धरू देत नाही. पण आतड्यातच ऑक्झलेटला अडवायचं असेल तर कॅल्शियम त्या वेळी अन्नासोबत हजर लागतं. म्हणून खड्याचा इतिहास असेल तर एक सायट्रेटचा डोस मुद्दाम जेवणाला लागून ठेवतात, जिथे लोह नसेल अशा जेवणाला. कार्बोनेटच्या बाजूने खरं वजन असलेला मुद्दा तो हाच: ते आपोआप जेवणाबरोबर जातं.

निवड बरोबर ठरली का, हे रक्तातल्या कॅल्शियमच्या आकड्यावरून कळत नाही. तो आकडा शरीर हाडांतून उचल करून जागेवर ठेवतं. पाहायचं ते ही उचल करवणारं पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, आणि त्याच्या जोडीला ड जीवनसत्त्व व अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची उलाढाल वाढली की रक्तात वाढणारं एन्झाइम). कॅल्शियम नॉर्मल, ड जीवनसत्त्व पुरेसं आणि तरी पीटीएच चढलेलं, तर कॅल्शियम पोचत नाही असा संशय घ्यायचा. आधी चुकलेले डोस मोजायचे, मग लेबल पुन्हा वाचायचं, आणि त्यानंतर क्षार बदलायचा विचार.

उलट, कार्बोनेट सुरू आहे, जेवणाबरोबर खरोखर घेतलं जातं, आम्ल दाबणारी गोळी बंद झाली आहे आणि पीटीएच जागेवर आहे, अशा माणसाने केवळ कुणी सांगितलं म्हणून बदलावं असं मला वाटत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सायट्रेटवर स्वतःहून जाऊच नये. सायट्रेट ॲल्युमिनियमचं शोषण वाढवतं आणि काही अँटासिडमध्ये ॲल्युमिनियम असतं; तिथे नेफ्रॉलॉजिस्टचं ऐकायचं.

ज्यांना बदलायचं आहे त्यांनी सगळं एकदम बदलायची गरज नाही. आधी रात्रीच्या जेवणाचा डोस झोपताना हलवून सायट्रेटचा करावा, कारण त्या वेळी जेवण होऊन दोनेक तास झालेले असतात आणि कार्बोनेट तिथे सर्वांत दुबळं ठरतं. मग सकाळचा डोसही सायट्रेटचा करून नाश्त्यावरून अकराला न्यावा आणि रिकाम्या झालेल्या नाश्त्याला मल्टीव्हिटॅमिन द्यावं. दुपारच्या जेवणाबरोबरचं कार्बोनेट घरातला डबा संपेपर्यंत चालू राहिलं तरी हरकत नाही. पुढची पीटीएच तपासणी या बदलानंतर तीन महिन्यांनी करावी.